मेलेल्यांचे फॉर्म

रत्नागिरीकडचा पोरगा आठवणी लिहायला बसलाय म्हटल्यावर तुम्ही मनातल्या मनात हापूसची पेटी फोडली असेल. ती झाका. आमचं गाव सड्यावर आहे, पायाखाली नुसता कातळ, आणि समुद्र दिसतो तो बँकेच्या कॅलेंडरवर. मी नकला करतो हेही कुणीतरी सांगितलं असेल, म्हणजे आता हसायला मिळणार. मिळेल, पण पोटभर नाही. राहता राहिलं भूत. कोकणातल्या माणसाकडून निदान एक भूत तरी मिळावं ही अपेक्षा रास्त आहे. भुतं आहेत. पण ती वडापिंपळावर नाहीत, सरकारी फॉर्मात आहेत. प्रत्येकी तीन पानं. निळ्या पेनाने मीच भरलीत.

बी.एस्सी. झालो तेव्हा वर्गातले निम्मे मुंबईला गेले, दोघं-तिघं अंजनवेलच्या वीज प्रकल्पात कंत्राटावर लागले. मी घरी. हळदी, साखरपुडे, शाळेचं गॅदरिंग, जिथे बोलावतील तिथे जाऊन नकला करायच्या. एसटीचा कंडक्टर, तलाठी, आमचे हेडमास्तर, चढणीला दम लागलेली रिक्षा. सगळ्यात जास्त टाळ्या पडायच्या त्या आबांच्या गाऱ्हाण्याला.

आबा आमच्याच वाडीतले. देवळात गावाच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलायचा मान त्यांच्या घराकडे. ते म्हणणार, ‘पोराबाळांस, गुराढोरांस सुखी ठेव रे म्हाराजा,’ आणि आम्ही सगळे मागून ‘व्हय म्हाराजा.’ आवाज असा, की शेवटच्या ‘म्हाराजा’ला घंटा आपोआप हलते असं आम्ही पोरं म्हणायचो. मी सातवीत असताना गॅदरिंगला तो आवाज काढला आणि पहिल्या रांगेत आबाच बसलेले. वाटलं, आता कान उपटणार. ते उठले, म्हणाले, “परत काढ.” तेव्हापासून रस्त्यात भेटले की म्हणायचे, “आला बघा माजा आवाज.”

मग त्यांचा मुलगा गेला. मुंबईला नोकरीला होता, भातकापणीला रजा घेऊन आला होता. तो गेल्यावर आबांनी गाऱ्हाणं सोडलं, मान पुतण्याकडे गेला. मीही ती नक्कल सोडली. म्हणजे लोकांसमोर सोडली. विहिरीवर एकटा असलो की तो आवाज आपोआप घशात यायचा, कारण आबांच्या घशात तो आता राहिला नव्हता. ते बोलायचे ते फुटक्या पिपाणीसारखं. कुठेतरी तो जिवंत राहायला हवा असं मला वाटायचं. हे मी आत्ता शहाणपणाने म्हणतोय. तेव्हा नुसती खाज होती.

माझी मावशी गावात आशा सेविका आहे. गरोदर बायका, लसी, डासाच्या अळ्या, सगळं तिच्याकडे. तिनेच मला आरोग्य केंद्रात नेऊन डॉक्टर मॅडमसमोर उभं केलं. मॅडम कोल्हापूरकडच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला औषधांचा फ्रिज उघडून दाखवला.

“बाटल्या दिसल्या?”

“दिसल्या. चार.”

“सापाच्या विषावरचं इंजेक्शन आहे. फुरसं चावलेल्या एका माणसाला ह्याच्या कितीतरी जास्त लागतं.”

“मग जास्त मागवा की.”

“मागवलं. वरनं विचारायलेत, मागच्या वर्षी किती वापरलं? एकबी नाही. मग म्हणतात, वापरत नाही तर वाढवून कशाला देऊ? पेशंट इथं येतच नाही, कारण सगळ्यांना ठाऊक आहे, इथं इंजेक्शन पुरं नाही. पेशंट नाही म्हणून इंजेक्शन नाही, इंजेक्शन नाही म्हणून पेशंट नाही. करा नक्कल ह्याची.”

मला हसू आलं. मावशीला नाही आलं.

फुरसं म्हणजे वीतभर, फार तर हातभर लांबीचा साप. सड्यावर, कुंपणाच्या गडग्याच्या दगडांत, गवतात, सगळीकडे. अंगावर अंग घासून करवत चालवल्यासारखा आवाज करतं. चावल्यावर माणूस लगेच मरत नाही, हाच त्याचा वाईटपणा. दोन दिवस बरा वाटतो. मग हिरड्यांतून रक्त येतं, लघवी लाल होते, आणि पाच-सहा दिवसांनी माणूस जातो. तोपर्यंत चावलेली जागा सगळे विसरलेले असतात.

जिल्ह्याला एक समिती बसते. कुठल्या केंद्रात कुठलं औषध किती ठेवायचं ते ती ठरवते. मॅडमनी तिला लिहिलं होतं, सड्यावरच्या गावांत माणसं फुरशाने मरतात, कापणीच्या आधी पुरा साठा द्या. उत्तर आलं, पुरावा पाठवा. म्हणून आम्ही ग्रामपंचायतीत जाऊन मृत्यूची नोंदवही काढली. तिच्यात एकही साप नव्हता. हृदयविकार, हृदयविकार, वृद्धापकाळ, हृदयविकार. आमच्या गावात सगळ्यांना हृदय होतं आणि ओळीने बंद पडत होतं.

“लोक खरं का सांगत नाहीत?” मी मावशीला विचारलं.

“साप म्हटलं की पोलीस येणार, पंचनामा. मग तालुक्याला नेऊन फाडणार. गेलेलं माणूस फाडून घेऊन यायचं घरी? त्यापेक्षा हृदय बरं.”

म्हणजे घराघरांत जाऊन विचारायचं. त्याचा एक छापील फॉर्म असतो, नाव मौखिक शवविच्छेदन. तोंडाने प्रेत फाडायचं, असा त्याचा सरळ अर्थ. ते नाव गावात घेतलं असतं तर कुत्री अंगावर सोडली असती. आम्ही ‘चौकशी’ म्हणायचो. शेवटच्या पानावर मोठा चौकोन, त्यात घरच्यांच्या शब्दांत काय घडलं ते लिहायचं. मॅडमनी बजावलं होतं, “त्यांच्याच शब्दांत. तुझी हुशारी नको.”

ह्याच कामासाठी मला घेतलं होतं. मी गेलो की बायका आधी हसायच्या. “अगो, हा कंडक्टर आला.” मी एक कंडक्टर करायचो, एक तलाठी करायचो, चहा यायचा, आणि मग मावशी हळूच विचारायची, “भावोजी गेले त्या आठवड्यात काय काय झालं गो?” हसलेल्या माणसाचं तोंड पुन्हा मिटायला वेळ लागतो. त्या फटीतून आम्ही आत शिरायचो.

जनावर कुठलं होतं ते कुणी पाहिलेलं नसायचं. गवतात हात घातला, काहीतरी टोचलं. तेव्हा मला एक युक्ती सुचली. मी दातांमागे जीभ धरून फुरशाचा आवाज काढायचो आणि विचारायचो, “असा आवाज आला होता का?” पहिल्या घरात एक बाई पोह्यांची ताटली घेऊन येत होती. तो आवाज ऐकल्याबरोबर ती जागच्या जागी थांबली, आणि तिचा एक पाय नुसता वर उचललेला राहिला. तिच्या सासूने तोंडाला पदर लावला. मी फॉर्मावर टिक केली. फुरसं, खात्रीशीर.

मॅडमना सांगितलं. म्हणाल्या, “उपयोग आहे. पण परत करू नकोस.” मी केलं. दोन घरांत अजून केलं.

आता भुतांकडे येतो. मी ऐकलेलं विसरत नाही. ते माझं पोट आहे, गुणही तोच आणि रोगही तोच. घरचे सांगताना मेलेल्या माणसाची वाक्यं त्याच्याच चालीवर सांगतात, हे तुम्हाला माहीत असेल. बायको नवऱ्यासारखी बोलते, आई पोरासारखी. मी ती वाक्यं चौकोनात लिहायचो आणि ती तिथे राहायची नाहीत. ‘मला काय धाड भरलीय, मी जातो गुरं सोडायला.’ ‘तोंड कसं लोखंडासारखं लागतंय गो.’ ‘पोराला फोन करू नका, रजा फुकट जाईल.’ प्रत्येक घरातून एक आवाज माझ्याबरोबर निघायचा.

एकदा दुपारी जेवताना मी आईला म्हटलं, “मीठ दे गो जरा, तोंडाला चव नाय.” आईचा हात भाताच्या टोपावर तसाच राहिला. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “ही पलीकडच्या वाडीतली काकी बोलली.” ती काकी गेल्याला वर्ष झालं होतं, तिचा फॉर्म सकाळीच भरला होता. मला कळलंही नव्हतं मी कुणासारखं बोललो ते. आईने मीठ दिलं आणि उठून गेली. त्यानंतर काही दिवस मी घरात फार बोललो नाही.

भर उन्हात सड्यावरून घरी यायची वाट आहे. झाड नाही, माणूस नाही, कातळ तापून हवा हलते. त्या वाटेवर मी गाणी म्हणायचो, कारण गप्प राहिलो की कुणीतरी आतून बोलायला लागायचं, आणि प्रत्येक जण तेच म्हणायचा, मला काही झालं नाही.

आबांचं घर मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

त्या दिवशी आबा पडवीत पाठ करून बसले होते, सुंभ वळत. सांगितलं ते सुनेने. गडग्याचा ढासळलेला चिरा उचलताना तिच्या नवऱ्याच्या बोटाला लागलं. वरच्या वाडीतल्या माणसाकडून मूळ आणलं, तांदळाच्या धुवणात उगाळून दिलं. आमच्याकडे ह्या औषधाचं पथ्य आहे. औषध घेतलेल्या माणसाने पाच दिवस वाहतं पाणी ओलांडायचं नाही, ओलांडलं की औषध उतरतं आणि विष चढतं. आता आरोग्य केंद्र पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे. रत्नागिरीचा रस्ता पऱ्याच्या पलीकडे. मधे ओलांडायला एवढासा साकव. पथ्य पाळायचं तर माणूस घरातच राहणार.

“चौथ्या दिवशी बरं वाटतंय म्हणून दाढी केली,” सून म्हणाली. “गालाला जरा लागलं. ते रक्त थांबेचना. टॉवेल भरला. हळद भरली, चुना भरला.”

मग आबा मागे न वळता म्हणाले, “मला म्हणाला, पलीकडं न्या. मी म्हटलं, उद्या.” एवढंच. सुंभ वळायचे थांबले नाहीत. मावशीने शाईचा डबा पुढे केला तेव्हा अंगठा मात्र दिला, आणि म्हणाले, “हे कागदावर ऱ्हाऊ दे. मला कुणी विचारू नका आता.”

आणि नेमकं त्यांनाच विचारणार होते. फॉर्म जिल्ह्याला गेले की तिथून काही घरांना फोन येतो. घरचा माणूस फॉर्मात लिहिलंय तेच बोलला, तर फॉर्म पक्का. मॅडमनी यादी दाखवली, तिच्यात आबांचा नंबर होता. समितीची बैठक आठवड्यावर. त्याच बैठकीत कापणीच्या आधीच्या साठ्याची यादी बंद होणार.

मावशी आबांना समजवायला गेली. आबा म्हणाले, “अंगठा दिला ना? फोनवर कोण बसलाय ता मला दिसत नाय. त्याला मी सांगू, मी माजा पोरगा मारला म्हणून? मी सांगणार हृदय.”

हृदय म्हणाले असते तर तो फॉर्म खोटा पडला असता, आणि एक खोटा निघाला की बाकीच्यांवरही शंका. मावशी मला म्हणाली, “तू जाऊन बस त्यांच्याकडे. तुझं ऐकतील. नायच ऐकलं तर सोडून दे, मॅडमना तसं सांगू.” हे ती म्हणाली होती. मी ऐकलंही होतं.

फोन आला तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. मावशी लसीकरणाला गेलेली, सून शेतावर. त्या घरात रेंज फक्त पडवीच्या एका टोकाला, तिथे खुंटीला पिशवीत फोन लटकवून ठेवलेला. वाजला. आबांनी बघितलं, वाजू दिला. परत वाजला. ते म्हणाले, “उचल आणि सांग, घरात नाय.”

मी उचलला.

“नमस्कार, आरोग्य विभागातून बोलतोय. मुलाच्या मृत्यूबद्दल वडिलांशी बोलायचं होतं.”

“बोला, मीच त्याचा बापूस.”

तो आवाज कुठून आला हे मला आजही नीट सांगता येणार नाही. देवळातला आवाज होता तो, भरलेला, सावकाश. साहेब एकदम अदबीने बोलायला लागले. पलीकडे पंखा फिरत होता, पानं उलटल्याचा आवाज येत होता. कधी लागलं? कशाने? कोणतं बोट? मी एकेक सांगत गेलो, सगळं फॉर्मात होतं, फॉर्म माझ्याच हाताचा. समोर आबा. त्यांनी सुंभ खाली ठेवला होता.

“दवाखान्यात का नेलं नाही?”

इथे फॉर्मात लिहिलं होतं, गावठी उपचार चालू होते. तेवढं म्हणून थांबता आलं असतं. आवाज थांबला नाही.

“मी नेलं नाय, साहेब. तो म्हणाला व्हता, बाबा, मला पलीकडं न्या. मी म्हटलं, उद्या. उद्या पाच दिवस पुरे व्हतील, मग पाणी वलांडू. तो म्हणाला, बाबा, टॉवेल भरला. मी म्हटलं, उद्या.”

यातलं निम्मं आबा कधीच बोलले नव्हते. सुनेचं, त्यांचं आणि माझं, असं मी एकत्र करून त्यांच्या तोंडी घातलं. आबांचे ओठ हलत होते. मी बोलत होतो आणि त्यांचे ओठ अर्ध्या क्षणाने मागून हलत होते, आमच्या गाऱ्हाण्यात मागून म्हणतात तसे.

पलीकडे पेन चालल्याचा आवाज आला. मग म्हणाले, “धन्यवाद, आबा. खूप मदत झाली.”

फोन बंद झाला. आबांनी विचारलं, “काय म्हणाला तो?”

“म्हणाले, धन्यवाद आबा.”

“कुणाला?”

मी फोनची पिशवी उलगडत राहिलो. ते उठले, पाण्याने तोंड धुतलं आणि आत गेले. मी फोन पिशवीत ठेवून पिशवी खुंटीला लावली आणि निघालो. सड्यावरच्या वाटेवर त्या दिवशी कुणीही आतून बोललं नाही. मला वाटलं, सुटलो.

दोन दिवसांनी मॅडमनी बोलावलं. इतक्या खुश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. “अरे, साहेब स्वतः यायलेत. म्हणाले, इतक्या वर्षांत इतकी स्पष्ट साक्ष ऐकली नाही. आबांना प्रत्यक्ष भेटायचंय, त्यांची साक्ष समितीसमोर ठेवायचीय. आपलं काम झालं बघ.”

मी ‘हो’ म्हटलं. हेडमास्तरांच्या आवाजात म्हटलं बहुतेक, कारण त्या हसल्या. तेव्हाच सांगायला हवं होतं. मावशीला तरी. पण मला वाटत होतं, आबा सांभाळून घेतील. शेवटी बोललो ते खोटं कुठे होतं?

साहेब आले. साधा माणूस, पायात सॅंडल, हातात वही. मावशी आबांना घेऊन आली, साकव ओलांडून. मुलगा गेल्यावर ते पहिल्यांदाच पलीकडे येत होते, हे मला मावशीने नंतर सांगितलं. साकवाच्या मध्यावर ते थांबले होते आणि तिला त्यांचा हात धरावा लागला होता. आल्यावर खुर्चीच्या टोकाला बसले, टोपी मांडीवर ठेवली.

साहेब म्हणाले, “आबा, परवा फोनवर जे सांगितलंत ते पुन्हा एकदा सांगाल?”

आबांनी तोंड उघडलं. तीच फुटकी पिपाणी, पुढच्या टेबलापर्यंतही पोचेना. “काय सांगू?”

साहेबांनी वहीत बघितलं, आबांकडे बघितलं. “फोनवर तुम्हीच होतात ना?”

आबांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. देवळात घंटेकडे बघतात तसं, वर, जरा डोळे बारीक करून. मग म्हणाले, “आवाज माजा व्हता. बोललो मी नाय.”

मावशीला लगेच कळलं. तिने डोक्याला हात लावला. मॅडमना समजायला वेळ लागला, कारण त्यांनी आबांचा जुना आवाज कधी ऐकलेला नव्हता. साहेबांनी मला विचारलं, “तू?” मी मान हलवली. पुढचं त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. मी भरलेले सगळे फॉर्म बाद. “ते खरे असतील, पण आता ते मला कसं कळणार?” दुसऱ्या माणसाने प्रत्येक घरात जाऊन पुन्हा विचारायचं. कापणीआधीच्या यादीत हे केंद्र धरता येणार नाही. मी म्हटलं, “साहेब, पण खरंच माणसं मेलीत.” ते म्हणाले, “म्हणूनच.” वही मिटली आणि चहा न घेता गेले.

सावर्ड्याकडून एक सिस्टर आली, ती आणि मावशी परत घरोघर फिरल्या. मला वाडीत दिसायचंही नाही असं सांगितलेलं. पोह्यांची ताटली घेऊन थांबलेल्या त्या बाईने मावशीला विचारलं म्हणे, “मागल्या वेळी सांगितलं ते हरवलं का गो?” एका म्हाताऱ्याने दारच उघडलं नाही. बाकीच्यांनी पुन्हा सांगितलं, ह्या वेळी न हसता. ते फॉर्म पक्के झाले, आणि त्याच्या पुढच्या यादीत आमच्या फ्रिजचा वरचा कप्पा भरला. पण मधे एक कापणी गेली. एका बाईला भारा उचलताना चावलं. मॅडमनी चार बाटल्या दिल्या आणि तिला स्वतःच्या गाडीत घालून रत्नागिरीला पळवलं. ती वाचली. वाचायला बरेच दिवस लागले. तेवढे दिवस मी तिच्या घरासमोरून जायचा रस्ता बदलला होता.

मॅडमनी मला ओरडायला फार शब्द वापरले नाहीत. “ते लोक एकदा मेले होते,” त्या म्हणाल्या. “तू त्यांना कागदावरनं परत मारलंस. आता जा, तुझं तोंड दिसलं की मला राग यायलाय.” मावशीने मात्र तीन दिवस हप्त्याहप्त्याने झाडलं. पहिल्या दिवशी माझा बाप काढला, दुसऱ्या दिवशी स्वतःची अक्कल काढली, की ह्याला मी नेला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “मी सांगितलं होतं, नाय ऐकलं तर सोडून दे. सोडून देणं तुला येत नाय, मेल्या. सगळ्यांचं सगळं उचलून ठेवतोस.”

आबांकडे जायला मला महिना लागला. गेलो तेव्हा ते अंगणात बसून कोयतीला धार लावत होते. सिस्टरने त्यांचा फॉर्म पुन्हा भरला होता, चार दुपारी लागल्या, असं मावशी म्हणाली होती. रोज दोन वाक्यं. मी जरा लांब उभा राहिलो आणि म्हटलं, “आबा, चुकलं.”

ते धार लावत राहिले.

“तू खोटं नाय बोललास,” ते म्हणाले. आवाज तोच बारीक, मला वाकून ऐकावं लागलं. “पण ता माजं बोलणं व्हतं. तीन वर्सं मी त्या बोलण्यापाशी जात व्हतो आणि मागं येत व्हतो. आज ना उद्या बोललो असतो. त्या बाईपाशी बोलायला बसलो, तर काय बोलू? तोंड उघडलं की वाटायचं, ह्या तू बोललास तसं नाय जमलं. मी माज्या पोराचं सांगतोय आणि तुजी नक्कल करतोय, असं झालं मला. समजलं?”

“हो.”

“नाय समजलं. व्हय म्हणायची सवय हाय तुला.” त्यांनी कोयतीच्या धारेवरून अंगठा फिरवला, उजेडात बघितली. “आणि चपला काढ आधी. सुनेने सकाळधरनं खपून सारवलंय, आणि हा मेला तिथनं पावलं उमटवत आला.”